पाऊस पडतो, पण पाणी टिकत नाही
‘मुबलक पावसामुळे कोकणाला पाण्याची ददात नाही’ हे कोकणाविषयीच्या लेखातील विधान निदान आम्हा सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) राहणाऱ्यांना पटणारे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो हे खरे. परंतु सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड नद्या ते थेट खाडीला नेऊन सोडतात. शिमगा उरकला की आमच्या वाडीच्या विहिरीत कळशी बुडेनाशी होते, आणि मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा वाटीने पाणी खरवडून भरावे लागते.

विशेष म्हणजे वीजनिर्मितीनंतर कोयनेचे पाणी ज्या वाशिष्ठी नदीत सोडले जाते, तिच्याच काठच्या चिपळूण तालुक्यातील वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. याविषयी लेखात अवाक्षरही नसावे, याचे आश्चर्य वाटते.