परदेशातून : हरवलेली चावी गाडीतून पुसली का?

गाडीची सेन्सरवाली चावी हरवली की साताऱ्यात घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, शोरूमशिवाय कुणाच्या हातात गाडी देऊ नका, उद्या चोरीला जाईल. दुसरा म्हणतो, शोरूमवाले वाट्टेल ते पैसे घेऊन वर ताटकळत ठेवतात, बाजारातला चावीवाला तासाभरात करून देतो. अमेरिकेतून पाहताना वाटतं, हरवलेल्या चावीची ओळख गाडीतून पुसली का, हा खरा प्रश्न दोघांच्याही नजरेतून सुटतोय.

चावीत बटणांचा रिमोट वेगळा आणि इंजिन चालू होऊ देणारी चिप वेगळी. साध्या चावीतल्या चिपला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कड्याकडून साधारण 125 किलोहर्ट्झच्या लहरी मिळाल्या की ती आपली ओळख देते, आणि इमोबिलायझरच्या, म्हणजे अनोळखी चावीला इंजिन चालू न करू देणाऱ्या यंत्रणेच्या, यादीत ती ओळख असेल तरच इंजिन चालतं. रिमोट सेलवर चालतो, भारतात बहुधा 433 मेगाहर्ट्झवर. इथल्या पुष्कळ गाड्यांचे रिमोट 315 चे असतात. इथून कुणी भाच्या-पुतण्याने स्वस्तात पाठवलेला रिमोट हुबेहूब दिसूनही तिकडे मुका राहतो तो यामुळे.

एक चावी हातात असेल तर काम सोपं असतं. कोरी चावी कापायची, स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या जोडणीला) मशीन लावून नवी चिप यादीत घालायची. दोन्ही हरवल्या तर इमोबिलायझरचा गुप्त पिन कोड लागतो, काही गाड्यांत इमोबिलायझरचा डबा उघडून मेमरी वाचावी लागते. कोडिंग चालू असताना बॅटरी उतरली तर काम अर्ध्यात तुटतं, कधी गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल युनिटच बिघडतं. चार्जर जोडल्याशिवाय सुरुवातच करू देऊ नये.

स्वस्तातली चावी पुष्कळदा क्लोन असते, म्हणजे जुन्या चिपची नक्कल. गाडीला दोन्ही एकच वाटतात. मग हरवलेली चावी तेवढी पुसता येत नाही, पुसली तर नवीही बंद पडते. म्हणून चिप स्वतंत्रपणे यादीत घालून घ्यावी, जुन्या पुसाव्यात आणि मशीनवर चाव्यांची संख्या स्वतः पाहावी. अर्थात पुसलेल्या चावीचं पातं दार उघडतंच. पत्त्यासकट हरवली असेल तर दाराचं कुलूपही बदला.

शोरूममध्ये नोंद होते, रस्त्यावर होत नाही, ही पहिल्या तटाची भीती मला रास्त वाटते. पण बाजारातल्या चावीवाल्यावर बंदी हा त्यावरचा उपाय नव्हे. सातारकराने चावीसाठी शंभरेक किलोमीटर पुण्याला गाडी ओढून न्यायची का? अमेरिकेत 'नॅस्टफ' नावाची संस्था स्वतंत्र कारागिरांची पार्श्वभूमी तपासून त्यांची नोंदणी करते. अशा नोंदणीवर कंपन्यांकडून चावीचे कोड मिळतात, आणि कारागिराला मालकाची ओळख व गाडीची कागदपत्रं पाहून फॉर्म भरावा लागतो. कुलूप कारागिरांना परवाना मात्र सगळ्या राज्यांत लागत नाही, ही इथली उणीव आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 24 डिसेंबर 2022 ला 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. नोंदणीकृत चावीवाल्याला कोड मिळणं ही पुढची पायरी असली पाहिजे. साताऱ्यातल्या हुशार पोरांना चोरट्या सॉफ्टवेअरवर काम करायला लावणं अन्यायाचं आहे.

तोवर आरसी दाखवून पावती घ्या, तिच्यावर गाडीचा नंबर आणि किती चाव्या पुसल्या, किती घातल्या हे लिहून घ्या. पोलिसांकडे हरवल्याची नोंदही करा, कारण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते.