दुपारचं शटर

गोव्यात दुपारी दुकानं बंद, लोक ढाराढूर, सगळं कसं सुशेगाद! फिरायला आलेल्यांच्या प्रत्येक व्हिडिओत हे असतंच. पुण्याच्या 'एक ते चार बंद'वर हसून झालं की गाडी आमच्याकडे वळते. हसा बापडे. पण आमच्या दिवसाचं रुटीन तुम्ही अर्धंच बघता.

पोदेराचंच, म्हणजे आमच्या पाववाल्याचंच घ्या. सकाळी भोंपू वाजवत सायकल येते, कॅरियरला भलीमोठी टोपली, वरचं प्लास्टिक बाजूला केलं की उंडे, पोई, काकणं आणि गरम वाफ. इथवर सगळ्यांनी शूट केलेलं असतं. त्यासाठी पीठ आदल्या रात्रीच मळलेलं असतं आणि उजाडायच्या आत भट्टी तापलेली असते, ते कोण बघतो? संध्याकाळी पुन्हा तीच फेरी. मधल्या वेळात तो माणूस आडवा पडला तर आळशी? मासे विकणाऱ्या बायकाही पहाटेच जेटीवर हजर असतात. आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता, घामाने निथळत, कुठलं गिऱ्हाईक येणार आहे?

हल्ली पहाटे पाचला उठा, डायरी लिहा, गार पाण्याने आंघोळ करा असं सांगणाऱ्यांचं पीक आलंय. माझ्या ओळखीत कुणाचंही हे पावसाळ्यापर्यंत टिकलेलं नाही. टिकणार कसं? तुम्ही नाही उठलात तर कुणाचं काय अडतं? पोदेर एक दिवस चुकला तर अख्खा वाडा चौकशी करतो.

शुक्रवार आला की म्हापशाचा बाजार, सोमवारी मंगेशीला पालखी आणि बऱ्याच घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, कारण तो माशांच्या विणीचा काळ. म्हणून सुकं, सोलं, मिरची हे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मे महिन्यातच भरून ठेवायचं. यातलं काहीच कुणी एकट्याने, मनाला येईल तसं ठरवलेलं नाही. म्हणूनच ते चालतं, असं माझं मत.

आता आमच्याच लोकांना. दुपारच्या झोपेचं एवढं कौतुक करतो, पण ती घरातल्या बाईच्या वाट्याला किती येते? आमच्याकडे वडील शीतकोडी, म्हणजे भात-कालवण, जेवून दीडला पाठ टेकायचे. आईची भांडी, ओटा, उरलेल्या कोडीला एक कढ हे उरकेपर्यंत अडीच वाजायचे आणि साडेतीनला चहाचं आधण. ही वामकुक्षी की नुसती डुलकी? भावाने लग्नानंतर दुपारची भांडी स्वतःकडे घेतली. आईला अजून चैन नाही. पडल्या पडल्या मध्येच उठते आणि कढईचा बूड नीट घासलाय का, ते बघून येते.