दिवसा झोपायचं म्हणते, पण नागपुरात कसं?

रात्रपाळीवरच्या एका लेखात म्हटलंय की नाईटवाल्यांनी दिवसा सात-आठ तास झोप काढली की झालं. मे महिन्यात 45 डिग्रीत दुपारी झोपून दाखवा ना भाऊ. कूलर चालू आहे तोवर ठीक, लाईट गेली की पाच मिनिटात उशी ओली, त्यात दारावर कुरिअरवाला, खाली भंगारवाला. माझा लहान भाऊ नागपूरजवळच्या बुटीबोरीला एका कंपनीत पॅकिंगला आहे, पहाटे तीन-चारला शरीराचं तापमान सगळ्यात खाली जाते अन् डोळे उघडे असून माणूस झोपेतच राहते, अशाच वेळी त्याच्या लाईनवर एकाने दुसऱ्याच मालाच्या लेबलचा रोल चढवला, सकाळी अख्खा लॉट उघडून पाहावा लागला आणि पगार त्या एकट्याचाच कापला. असा एकट्याचाच पगार कापणं चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2007 मध्येच रात्रपाळी कॅन्सरच्या संभाव्य कारणांमध्ये टाकली, 2019 मध्ये पुन्हा तेच सांगितलं. पाळी बदलायचीच तर सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकवा, उलटी नको, अन् रात्रपाळीच्या मधात वीस मिनिटं पडू द्या. सकाळी वर्धा रोडने पेंगत बाईकवर येणाऱ्या पोरांची लय काळजी वाटते, त्यांच्यासाठी कंपनीची बस पाहिजेच.