फोटोतला वाडा आणि फोटोत नसलेली पेठ

पावसाळा तोंडावर आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. वर एखाद्या जुन्या वाड्याचा फोटो आणि खाली साधारण असं: पूर्वज चुन्यात गूळ, हिरडा, उडीद घालून बांधायचे, म्हणून ती घरं ३०० वर्षं उभी आहेत. आपलं सिमेंट ५० वर्षांत संपतं. तेव्हाच्या गावात पाणी तुंबत नव्हतं. सगळं आपण विकासापायी घालवलं.

मला वाडे आवडतात. कुठे दिंडी दरवाजा उघडा दिसला की मी डोकावल्याशिवाय पुढे जात नाही. पण या मजकुरातल्या एकेका वाक्याला उत्तर द्यायला हवं.

‘ती घरं ३०० वर्षं उभी आहेत.’ कुठली घरं? वाडा उभा आहे म्हणून त्याचा फोटो निघाला. त्याच्या आजूबाजूची घरं पडली, त्यांचा फोटो कोण काढणार? चुना म्हणजे चुनखडी भाजायला भट्टी, भट्टीला सरपण, मग घाणीला बैल जुंपून तो दळायचा आणि भिजवून मुरवायचा. एवढा खटाटोप सरदाराला, सावकाराला, देवस्थानाला परवडायचा. बाकीची पेठ दगडमातीची. देशावर, मराठवाड्यात तर वर मातीचंच धाबं, म्हणजे सपाट छप्पर. वेशीबाहेर ज्यांना राहायला लावलं होतं त्यांच्याकडे कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर. ही घरं पडत, आणि त्याच जागी पुन्हा उभी राहत. जुन्या गावठाणाला पांढरी म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ती भोवतालच्या काळीपेक्षा, म्हणजे शेतजमिनीपेक्षा, चांगली उंच दिसते. ती उंची पडलेल्या भिंतींच्या मातीची आहे. आपली गावं पूर्वजांच्या ढासळलेल्या घरांवर उभी आहेत, शब्दशः.

आणि ही जुनी, जाड भिंतींची घरं संकटात कशी वागली, हेही आपण पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसं गेली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, पण दगड जोडलेले मातीत. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत बांधलेला नाही, मध्ये भर. हादरा बसताच थर सुटे झाले आणि धाब्याची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. ‘ते चुन्याचं बांधकाम नव्हतंच,’ असं कुणी म्हणेल. बरोबर, नव्हतंच. सर्वसामान्यांचं घर चुन्याचं नव्हतं, हेच तर मी सांगतोय.

बरं, वाडे तरी सगळे टिकले का? पेशव्यांना चुन्याची ददात नव्हती, तरी १८२८ च्या आगीत शनिवारवाडा आतून बेचिराख झाला. आज आपण तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि जोती पाहतो. १८७९ मध्ये एका रात्रीत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याचा मोठा भाग जळाला. वाड्याचा सांगाडा लाकडाचा असतो आणि चुना लाकडाला आगीपासून वाचवत नाही. वाळवीपासूनही नाही.

‘सिमेंट ५० वर्षांत संपतं.’ संपते ती आतली सळई. कोवळं, सच्छिद्र काँक्रिट हवा आणि ओल आत घेतं, सळई गंजते, फुगते आणि वरचा थर फोडते. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रिटचा थर, पुरेसा ठेवला आणि क्युरिंग, म्हणजे नव्या काँक्रिटला पाणी देणं, नीट केलं, तर हे फार लांबतं. चुन्याच्या भिंतीत सळईच नव्हती, त्यामुळे ही तुलनाच चुकते. मजकुराच्या बाजूचं एक मात्र मान्य: जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं, आणि मग आतली वीट कुजल्यासारखी भुगा होते.

मग जे वाडे टिकले ते कशामुळे? दरवर्षी मे महिन्यात कुणीतरी छपरावर चढत होतं म्हणून. कौलं चाळायची, फुटकी बदलायची, वळचण पाहायची, तुळईला वाळवी लागली का ते ठोकून बघायचं. व्हायरल फोटो जरा मोठा करून पाहा, पुष्कळदा वर मंगलोरी कौलं दिसतात. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. म्हणजे ‘३०० वर्षांच्या’ वाड्याचं छप्पर मधे कधीतरी अख्खं बदललेलं आहे, आणि ते बदललं म्हणूनच खालच्या भिंती वाचल्या. ही डागडुजी थांबली तिथे वाडा बसला. पुढे वारस वाढले आणि दहा-बारा जणांची एकवाक्यता होईना. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जिथे भाडी गोठली, तिथे मालकाला कौलांचाही खर्च निघेना. वाडे पाडले गेले त्यात हव्यास होता, नाही म्हणत नाही. पण त्याआधी बरीच वर्षं ते गळत होते.

राहिलं ‘तेव्हाच्या गावात पाणी तुंबत नव्हतं’. पाणी वाहून जायचं म्हणून ज्या बोळांचं आज कौतुक होतं, त्यातल्या कित्येक घरामागून टोपलीच्या संडासाची घाण डोक्यावरून वाहून नेण्यासाठी होत्या. ते काम कोणत्या जातींवर लादलं होतं, हे मजकुरात येत नाही. ही प्रथा बेकायदा ठरवणारा केंद्राचा पहिला कायदाच १९९३ चा आहे.

तरीही आज पाणी तुंबतं ही तक्रार मला पोकळ वाटत नाही. जुन्या पेठेत फिरताना उंबरे बघत चला. एके काळी जिथे रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून ओटीवर जायचं, तिथे आता एक पायरी उतरून आत जावं लागतं. जोतं होतं तिथेच आहे, वर आला तो रस्ता. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रिट, पुढच्या निवडणुकीआधी आणखी एक थर. जुना थर कुणी खरवडत नाही, कारण नुसतं वर ओतणं सोपं पडतं. मग पहिल्याच वळवाला गल्लीचं पाणी माजघरात. गटार मात्र जुन्याच पातळीवर, झाकणाखाली कोरडं. पुढच्या वेळी गल्लीत काँक्रिटचं काम निघालं की अंदाजपत्रकात जुना थर काढायचं धरलंय का, एवढं नगरपालिकेत जाऊन विचारा.