माशी मेली म्हणून बोकड्या जात नाही

हुक्केरी, चिकोडी, निपाणीकडच्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय: ‘मिरचीवरच्या व्हायरसलाच व्हेक्टर म्हणतात. तो सगळ्या किडींत असतो. माशी मारली की व्हायरस मेला, पानं सरळ.’ संकेश्वरी मिरचीच्या रानात यावर भरवसा ठेवून फवारण्यांवर पैसा चाललाय, म्हणून लिहितोय.

व्हेक्टर म्हणजे वाहक. रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारा जीव, स्वतः रोग नव्हे. बोकड्या म्हणजे पानं आकसून वळण्याचा रोग; त्याच्या विषाणूची वाहक पांढरी माशी.

‘माशी मेली की व्हायरस मेला’ हे तर साफ चूक. विषाणू तोवर झाडाच्या पेशींत शिरलेला असतो आणि तिथून त्याला काढणारं औषध नाही. मग शेजारच्या रानात पानं सरळ झाली ती कशी? फुलकिड्यांनी रस शोषला तर पानं वर वळतात, कोळी किडीनं शोषला तर खाली. तिथं विषाणू नसेल तर कीड गेल्यावर नवा शेंडा नीट येतो. आपण या सगळ्यालाच बोकड्या म्हणतो, कानडी शेजारी ‘मुटुरु रोग’. नाव एकच पडलं आणि घोटाळा तिथंच झाला.

‘सगळ्या किडींत’ हेही नाही. पांढऱ्या माशीच्या पोटातून विषाणू रक्तात आणि तिथून लाळेत यायला काही तास लागतात. त्यानंतर मात्र ती बहुधा मरेपर्यंत रोग वाटत फिरते. मावा या किडीचं वेगळं. काकडीवर्गातला मोझॅक, म्हणजे पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणारा विषाणू, मिरचीवरही येतो. तो माव्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि काही सेकंदांच्या टोचणीत पुढच्या झाडात जातो. औषधानं मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं.

आणि निपाणीकरांनी तंबाखूचा मोझॅक आठवावा. त्याला पसरायला किडीची गरजच नाही, तो हातांनी आणि अवजारांनी पसरतो. वाळल्या तंबाखूतही टिकतो. तंबाखू हाताळून मिरची-टोमॅटोची रोपं लावायला जाणाऱ्या बायकांना आधी साबणानं हात धुवायला पाणी द्या.

पैसा घालायचाच तर माशी अडवण्यावर घाला: तरवा (लावणीची रोपं) बारीक जाळीखाली वाढवा, लावणीआधी रानाभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा. बोकड्याचं पहिलं झाड दिसलं की उपटून पुरून टाका. जीवावर येतं, ठाऊक आहे. पण ते उभं राहिलं तर माशी तिथूनच विषाणू उचलते.