मोडायचंच होतं तर बांधलं कशाला?

सकाळी सोलापुरात आमच्या नाटकाच्या मंडपाचा शेवटचा बांबू उतरवत होतो. शेजारच्या कॅन्टीनवर चहा पीत बसलेले आमच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, "तीन दिवसांसाठी एवढं भंगार गोळा केलं? मोडायचंच होतं तर बांधलं कशाला?" तेव्हा हसून सोडलं. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

ओ मालक, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तेव्हा होम मैदानावर पाळणे उभे राहतात, खेळ संपला की उतरतात. त्यांना कधी विचारलं हे? आणि पक्कंच बांधायचं म्हणाल, तर पक्कं पक्कं काय लावलंय? १८७७ ची जुनी मिल काय बांबूची होती का? तीही बंद पडलीच की.

आमचं थिएटर म्हणजे बंद पडलेल्या पॉवरलूम कारखान्याचं आवार. सूत गुंडाळायचे रिकामे बीम खाली, त्यावर पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे आडवे टाकले, झालं स्टेज. पत्रे वाऱ्यानं थडथडायचे, आवाज घुमायचा, म्हणून आतून डागी चादरी टांगल्या. मागचा पडदा जेकॉर्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा. भंगारवाल्यानं किलोवर दिले.

पहिल्या दिवशी आमचे अण्णा पुढच्या बाकावर. तीस वर्षं मागावर काढलेला माणूस, जन्मात नाटक पाहिलेलं नाही. ऐन भांडणाच्या प्रवेशात उठून ओरडले, "उलटं लावलाव की बे!" नट गप्प. लोक हसून बेजार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाटकाला हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह आहे ना, म्हणाल. आहे, आणि मीही जातो की. पण तिथं अण्णा येत नाहीत. आमच्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायका येत नाहीत. इथं त्या सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आगीचं म्हणाल तर खरं आहे. पुठ्ठा, सूत, वर हॅलोजन. वाळूच्या बादल्या आम्ही दुसऱ्या दिवशी ठेवल्या, पहिल्याच दिवशी ठेवायला हव्या होत्या. बायकांसाठी संडासाची सोयही धड नव्हती. मान्य.

पण अण्णांचं सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिथं हजर. पुठ्ठ्यांवरनं बोट फिरवत मला समजावत होते: चादरीतल्या एकेका आडव्या धाग्याला एकेक पुठ्ठा, कुठला उभा धागा उचलायचा ते भोकावरनं ठरतं. एक माळ उलटी, दोन पुठ्ठे गायब. "मोराची मान तुटली की रे इथं." मला नुसती भोकं दिसत होती. त्यांचे माग विकले तेव्हाही किलोवरच गेले होते. त्या दिवशी ते एक शब्द बोलले नव्हते.

आज उतरवताना पुठ्ठ्यांना कुणाला हात लावू दिला नाही. क्रमानं घडी घालून, सुतळीनं बांधून घरी आणलेत. पलंगाखाली आहेत.

असो. राग गेला बहुतेक. त्या गृहस्थांना एकच विनंती, तुमच्या गच्चीवर जुना सागवानी दरवाजा पडून आहे, तो द्या. विजापूर वेशीतली पोरं पुढच्या महिन्यात असंच थिएटर उभारणार आहेत, त्यांना विंगेला एक कमी पडतोय.