शौलाचा पौल दिमिष्काच्या वाटेवर झाला नाही

‘ख्रिस्ती झाला म्हणून येशूने शौलाचं नाव बदलून पौल ठेवलं, तेव्हा धर्मांतर म्हणजे नाव टाकणं,’ असा मजकूर सध्या फिरतोय. प्रवचनांतही हे ऐकलंय. (शौल म्हणजे येशूच्या अनुयायांना पकडत फिरणारा यहुदी, जो पुढे प्रेषित पौल म्हणून ओळखला गेला.) पण बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडून पाहा. ९व्या अध्यायात दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर त्याला येशूचं दर्शन होतं, तीन दिवस दिसेनासं होतं. मग तिथला येशूचा शिष्य हनन्या येतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि हाक मारतो ती ‘शौल भाऊ’ अशीच. बाप्तिस्म्यानंतरही तो शौलच. (आणि हो, चित्रांतला तो घोडा मजकुरात कुठेच नाही.) पौल हे नाव येतं थेट १३:९ मध्ये (१३वा अध्याय, ९वी ओवी), कुप्र (सायप्रस) बेटावर, तेही ‘शौल, ज्याला पौलही म्हणत’ असं. एक यहुदी नाव, एक रोमी.

दिमिष्कात बदललं ते दुसरंच: ज्यांना बांधून न्यायला निघाला, त्यांच्याच सोबत राहिला. मराठी बायबलमधल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दामागचा ग्रीक शब्द मेटानोया, म्हणजे मन पालटणं.

आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नाव तेच राहिलं, आडनावही. पुढे ख्रिस्तावर लिहिलं तेही अभंगांत.